उत्तर: उलटलेली लाइफबोट आपोआप सुलटी होते का?

वर विचारलंय, "उलटलेली लाइफबोट आपोआप सुलटी होते का?" ब्रिटनच्या आरएनएलआय या सागरी बचाव संस्थेपुरतं सांगायचं, तर ते बोटीवर अवलंबून आहे. १३.६ मीटरची शॅनन वर्गाची बोट आपोआप सुलटी होते, कारण तिची केबिन जलरोधक असते. म्हणूनच खवळलेल्या समुद्रात दार बंद हवंच.

अटलांटिक ८५ ही हवा भरलेल्या कडांची उघडी बोट आपणहून सुलटत नाही. मागच्या चौकटीवर घडी घातलेली हवेची पिशवी असते. खलाशांनी आधी माणसं मोजायची, सगळ्यांना बोटीच्या मागे गोळा करायचं, मगच दोरी ओढायची. गॅसच्या बाटलीने पिशवी फुगते नि बोट सुलटते. घाई केली, तर बोटीखाली अडकलेल्याच्या जिवावर बेतेल!

५ मीटरच्या डी वर्गाच्या छोट्या हवाभरल्या बोटीत अशी पिशवीच नाही. दोरीला लटकून अंगाच्या वजनानेच ती बोट सुलटवावी लागते. हा सराव स्वयंसेवकांनी वारंवार करायलाच हवा.