टीव्हीचा आवाज फाटतोय, आतला स्पीकर बदलू की बाहेरून लावू?

रानजाई:
नमस्कार मंडळी, घरचा टीव्ही सहा वर्षांचा आहे, ४३ इंची, चित्र अजून छान दिसतं पण गेले दोन महिने आवाज फाटतोय. विचित्र म्हणजे बायकांचे आवाज ठीक येतात आणि एखादा भारदस्त आवाजाचा माणूस बोलायला लागला की मागून खर्रर्र, जसं कोणी स्पीकरवर कागद घासतंय. आवाज १० च्या खाली ठेवला तर होत नाही पण आईला कमी ऐकू येतं, तिला २५ तरी लागतो. परवा मालिका बघताना "अगं काय म्हणाला तो?" असं तिने चारदा विचारलं आणि शेवटी स्वतःच टीव्ही बंद करून उठून गेली, मला ते फार लागलं. थिएटरसारखा दणका नकोय, बोललेलं स्पष्ट कळलं पाहिजे आणि आईला दोन रिमोट सांभाळायला लागू नयेत एवढंच. स्पीकर बदलू, साउंडबार (टीव्हीखाली ठेवायचा लांबट स्पीकर) घेऊ, की घरात ब्लूटूथ स्पीकर पडलाय तोच जोडू?

कोपऱ्यातला_टेबल:
काही विकत घ्यायच्या आधी दोष नक्की कुठे आहे ते बघा. साउंड सेटिंगमध्ये जाऊन बेस कमी करा, सराउंड वगैरे जे काही चालू असेल ते बंद करा. मग बॅलन्स पूर्ण डावीकडे नेऊन ऐका, नंतर पूर्ण उजवीकडे. एकाच बाजूला खरखर असेल तर बहुतेक त्या बाजूचा स्पीकर गेलाय. जाड आवाजाला फाटतो हे लक्षण पण तेच सांगतं, कारण खालच्या सुरांना स्पीकरचा पडदा जास्त मागेपुढे हलतो आणि पडदा फाटला असेल किंवा आतली कॉइल घासत असेल तर तिथेच कळतं, बारीक आवाजाला पडदा जेमतेम हलतो म्हणून बायकांचं बोलणं नीट येतंय. आणि हो, आवाज चालू असताना मागच्या झाकणावर तळहात दाबून बघा, कधीकधी नुसता स्क्रू ढिला असतो किंवा भिंतीवरची पट्टी थरथरत असते.

रानजाई:
केलं सगळं. उजवीकडे स्वच्छ, डावीकडे खरखर! झाकण दाबून फरक पडला नाही. आता बॅलन्स उजवीकडे ठेवून चालवतेय, खरखर गेली पण आवाज अगदीच पातळ वाटतो. मग आतला स्पीकर बदलून मिळेल का?

सोल्डरवाला:
मिळतो, पण मागचं झाकण उघडायचं काम स्वतः करू नका, प्लग काढल्यावरही पॉवर सप्लायच्या कपॅसिटरमध्ये बराच वेळ जोरदार व्होल्टेज राहतं. मेकॅनिक बोलावलात तर त्याला आधी डाव्या-उजव्या स्पीकरच्या वायरी अदलाबदल करून बघायला सांगा. खरखर डावीकडेच राहिली तर स्पीकर खराब, उजवीकडे गेली तर बोर्डावरची ऑडिओ आयसी (स्पीकरला आवाज पुरवणारी चिप) खराब, मग नवा स्पीकर घालून काहीही होणार नाही. बदलायचाच झाला तर जुन्याच्या पाठीवर जेवढे ओहम आणि वॅट लिहिलेत तेवढ्याचाच घाला, ८ च्या जागी ४ ओहमचा घातला की आयसीवर जादा करंटचा ताण येतो. पण मनापासून सांगतो, पातळ टीव्हीत स्पीकरला जागाच नसते, छोटेसे ५-१० वॅटचे असतात आणि त्यांची तोंडं खाली किंवा मागे, म्हणजे आवाज भिंतीवर आपटून तुमच्यापर्यंत येतो. नवीन बसवलात तरी आईची तक्रार अर्धीच जाईल.

खिडकीपाशी:
ब्लूटूथच्या नादी लागू नका, निदान बोलणं ऐकायला तरी नको. साधं ब्लूटूथ दीड-दोनशे मिलिसेकंद मागे राहतं, ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतात. ज्याला कमी ऐकू येतं तो नकळत ओठांकडे बघूनच अर्थ लावत असतो, त्याचा तोच आधार तुटतो. टीव्हीत ऑडिओ डिले म्हणून सेटिंग असतं पण बहुतेक टीव्हींत ते आवाज आणखी मागे ढकलतं, पुढे आणत नाही.

वायरने जोडा. मागे एचडीएमआयच्या एका पोर्टवर एआरसी (टीव्हीचा आवाज त्याच वायरीने बाहेर पाठवायची सोय) लिहिलंय का बघा, ते २००९ पासून आलंय. साउंडबार तिथे लावला आणि सेटिंगमध्ये सीईसी (एका रिमोटने दोन्ही यंत्रं चालवायची सोय) चालू केलं की टीव्हीच्याच रिमोटने आवाज कमीजास्त होतो. ऑप्टिकलने, म्हणजे प्रकाशातून आवाज नेणाऱ्या वायरीने, लावलात तर आवाज चांगलाच येतो, पण बहुतेक टीव्हींत त्या वायरीतून एकाच पातळीचा आवाज बाहेर पडतो, मग आईला बारचा वेगळा रिमोट लागणार, तेच तुम्हाला नकोय. ऑप्टिकलवर काहीच ऐकू आलं नाही तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये आउटपुट पीसीएमवर (साधा डिजिटल आवाज) ठेवायचं, बरेच लोक इथेच अडकतात.

तुमची गरज बघता मी तर साधे दोन पॉवर्ड स्पीकर घेईन, म्हणजे ज्यांच्यात अ‍ॅम्प्लिफायर आतच असतो ते, आणि हेडफोनच्या ३.५ एमएम जॅकला लावीन. त्या जॅकचा आवाज बहुतेक वेळा टीव्हीच्या रिमोटवर चालतो. खोक्यावर पीएमपीओचे (क्षणभराच्या ताकदीचा फुगवलेला आकडा) हजार वॅट छापलेले असतील तर तिकडे बघूच नका, आरएमएस (सतत मिळणारी खरी ताकद) बघा, बैठकीच्या खोलीत बोलणं ऐकायला १०-२० वॅट आरएमएस खूप झालं. सबवूफर (फक्त जाड सूर वाजवणारा वेगळा स्पीकर) तर अजिबात नको, धमधम वाढते आणि शब्द बुडतात.

कोपऱ्यातला_टेबल:
+१. जागाही महत्त्वाची बरं का. बसल्यावर कान जिथे येतात त्या उंचीला ठेवा, तोंड आईच्या खुर्चीकडे. आणि यूएसबीवर चालणारे घेतलेत तर टीव्हीच्या पोर्टातून करंट देऊ नका, कधीकधी गुणगुण येते, वेगळा चार्जर लावा.

रानजाई:
सगळ्यांचे खूप आभार. दोन छोटे पॉवर्ड स्पीकर आणले, हेडफोन जॅकला लावले, पिन घातल्याबरोबर आतले स्पीकर आपोआप बंद झाले. आधी स्पीकरचं बटण पूर्ण फिरवलं होतं तर सूं सूं येत होती, मग ते अर्ध्यावर आणून टीव्हीचा आवाज वाढवला तर गेली. काल आईने सबंध बातम्या १४ वर ऐकल्या, एकदाही मला विचारलं नाही, मीच दोनदा आत जाऊन बघून आले. एकच शंका, टीव्ही बंद केला तरी स्पीकरचा दिवा चालूच राहतो, रात्री बंद करू का?

सोल्डरवाला:
करा, चालतं. आधी स्पीकर बंद करा मग टीव्ही, आणि चालू करताना उलटं, आधी टीव्ही. नाहीतर दरवेळी ठप्पकन आवाज येईल.

रानजाई:
ओके, रात्रीचं मी बघेन, सकाळी आईला नुसतं टीव्हीचं बटण दाबायला लागेल असं करते, स्पीकर तिच्या उठण्याआधी चालू करून ठेवीन, टीव्ही लावताना एकदा ठप्प झालं तरी तेवढं चालेल.