मदत हवी आहे: हेल्थ मॅग्नेट हायस्कूलमध्ये अभ्यासाची पातळी कशी वाढवायची?

नमस्कार मंडळी. आम्ही टेक्सासमध्ये राहतो. मुलगी आरोग्य क्षेत्राच्या मॅग्नेट हायस्कूलमध्ये (म्हणजे एका खास क्षेत्रावर भर देणाऱ्या सरकारी शाळेत) दहावीला आहे आणि मी तिथल्या पालक समितीवर आहे. मुलं स्क्रब घालून हॉस्पिटलात जातात, नर्सिंग असिस्टंटचं सर्टिफिकेट मिळवतात, ते सगळं छानच. पण केमिस्ट्री आणि गणितात ‘पास झालं की पुरे’ असा सूर आहे. नर्सिंग असिस्टंटला केंद्रीय नियमानुसार किमान 75 तासांचं प्रशिक्षण पुरतं. पण रजिस्टर्ड नर्स व्हायचं तर अनेक कॉलेजांत टीईएएस ही नर्सिंगची प्रवेश परीक्षा, पुढे ॲनाटॉमी-फिजिऑलॉजी. आमची मुलं तिथे अडकतात.

सगळे ह्यूस्टनच्या डीबेकी या आरोग्य क्षेत्राच्याच हायस्कूलचं उदाहरण देतात. ती शाळा 1972 साली बेलर कॉलेज ऑफ मेडिसिनच्या साथीने सुरू झाली, पण तिथे मुलं निवडून घेतात. आमच्याकडे प्रवेश लॉटरीने. (मला लॉटरीच बरी वाटते, असो.)

समितीत काहींचं म्हणणं, ग्रेड कमी असेल तर क्लिनिकलला, म्हणजे हॉस्पिटलमधल्या प्रत्यक्ष कामाला, पाठवूच नका. मला हे अजिबात पटत नाही. कित्येक मुलं त्या वॉर्डच्या ओढीनेच शाळेत टिकून आहेत. त्यापेक्षा नववीत बीजगणिताला दुप्पट तास, औषधांच्या डोसची गणितं गणिताच्याच वर्गात आणि एपी बायोलॉजी (कॉलेजच्या पातळीचा कोर्स) सर्वांना खुलं, असं काही कुणाच्या शाळेत केलंय का? वेळापत्रकात कसं बसवलं? शिक्षकांना कसं राजी केलं?

‘क्लास लावा’ हा सल्ला कृपया नको. बैठक पुढच्या महिन्यात आहे.