कॉर्निया-कॉन्टॅक्ट लेन्सची फेलोशिप: बी.ऑप्टमनंतर वर्ष घालवावं का?

नाशिकचा_इंटर्न

नमस्कार. बी.ऑप्टमची, म्हणजे डोळे तपासून चष्मा-लेन्स देण्याच्या (ऑप्टोमेट्रीच्या) पदवीची, इंटर्नशिप संपत आलीय. चष्म्याच्या एका मोठ्या दुकानातून नोकरीचं बोलावणं आहे, पगारही बरा आहे. वडील म्हणतात, दारात आलेली लक्ष्मी परतवू नकोस. मला मात्र कॉन्टॅक्ट लेन्समध्येच उतरायचंय. अडचण अशी की इंटर्नशिपमध्ये आरजीपीचा, म्हणजे हवा आत जाऊ देणाऱ्या कडक लेन्सचा, ट्रायल सेट लांबूनच पाहिला. केराटोकोनसचा (बुबुळाचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, शंकूसारखा पुढे येतो तो आजार) पेशंट आला की 'पुण्याला दाखवा' एवढंच सांगायचं. हैदराबाद-चेन्नईकडे फेलोशिप आहेत, पण स्टायपेंडवर भागेल असं वाटत नाही. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या एडिसनला राहणारा मावसभाऊ म्हणतो, त्यापेक्षा इकडे रेसिडेन्सी कर. दोन्ही एकच का? आणि त्या वर्षभरात नेमकं शिकवतात तरी काय?

सांगलीची_लेन्सवाली

मी दक्षिणेतल्या एका नेत्रसंस्थेत फेलोशिप केली, आता सांगलीत फक्त लेन्सचंच काम करते. तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं सांगते, अमेरिकेचं तिकडचं कुणीतरी सांगेल.

आरजीपी पहिल्यांदा डोळ्यात गेली की पाणी वाहतं. त्यातच डाय टाकून फिट, म्हणजे लेन्स नीट बसलीय का, बघायला बसलास तर रंग धुऊन जातो आणि भलतंच चित्र दिसतं. म्हणून पेशंटला बाहेर बसवायचं, डोळा शांत होऊ द्यायचा. मग फ्लुरेसिनची, म्हणजे हिरव्या चमकणाऱ्या रंगाची, पट्टी, कोबाल्ट निळा प्रकाश, समोर पिवळा फिल्टर. कोनाच्या, म्हणजे बुबुळाच्या शंकूसारख्या भागाच्या, टोकावर मोठा काळपट डाग दिसला तर लेन्स फ्लॅट आहे, टोकाला घासतेय. तिथंच हिरवं डबकं साचलं तर स्टीप, म्हणजे जास्त खोलगट. आपल्याला हवं असतं टोकावर हलकं टेकणं, दोन्ही बाजूंना थोडा आधार आणि कडेला हिरवी पट्टी. पुस्तकातल्या फोटोत हे झकास दिसतं. खऱ्या डोळ्यात कोन खाली सरकलेला, पापणी लेन्स वर ओढतेय, पेशंट वैतागलेला. टोपोग्राफी, म्हणजे बुबुळाच्या उंचसखलपणाचा मशीननं काढलेला नकाशा, फक्त सुरुवात कुठून करायची ते सांगते, आणि बुबुळाचा बाक ६० डायॉप्टरच्या पुढे गेलेला, वर डाग पडलेला असेल तर मशीनचे आकडेही डळमळतात. हे शेजारी बसून शिकवणारं कुणी असेल तरच येतं.

स्क्लेरलचं, म्हणजे बुबुळाला न टेकता डोळ्याच्या पांढऱ्या भागावर बसणाऱ्या मोठ्या लेन्सचं, गणित निराळं. लेन्सच्या वाटीत प्रिझर्व्हेटिव्ह नसलेलं सलाइन काठोकाठ भरायचं, पेशंटनं मान पूर्ण खाली घालायची, लेन्स खालून वर लावायची. आत बुडबुडा राहिला की काढा, पुन्हा भरा. स्लिट लॅम्पखाली लेन्सच्या जाडीशी खालच्या पाण्याच्या थराची तुलना करून व्हॉल्टचा, म्हणजे लेन्स नि बुबुळ यांच्यातल्या अंतराचा, अंदाज घ्यायचा. लावल्या लावल्या छान दिसणारी लेन्स काही तासांत खाली बसते, साधारण १०० मायक्रॉनच्या आसपास. म्हणून पेशंटला दुपारपर्यंत थांबवून पुन्हा बघायचं. कडेखाली पांढऱ्या भागावरच्या रक्तवाहिन्या दबून फिकट पडल्या असतील तर हॅप्टिक, म्हणजे लेन्सची पांढऱ्या भागावर टेकणारी कड, बदला, टोरिक (दोन दिशांना वेगळा बाक असलेली) करा. दुपारी धूसर दिसतं अशी तक्रार आली तर लेन्सखाली गढूळपणा साचलाय का ते बघा.

पण खरं शिक्षण कॉर्नियाच्या ओपीडीत होतं. स्टीव्हन्स-जॉन्सनची (औषधाच्या तीव्र रिॲक्शननं त्वचा नि डोळे होरपळतात तो आजार) एक मुलगी यायची. आकडीवरच्या गोळ्यांची रिॲक्शन येऊन डोळे कोरडे ठणठणीत, पापण्यांच्या आतल्या कडा खरखरीत झालेल्या. तिला उजेडात डोळे उघडवत नसत. तिच्या स्क्लेरलचं पहिलं काम नंबर सुधारणं नव्हतंच. बुबुळावर पाण्याचा थर टिकवणं आणि पापणीच्या घासण्यापासून त्याला वाचवणं, हे होतं. लेन्स लावून ती खिडकीकडे तोंड करून बसली तेव्हा मला या कामाचं वेड लागलं.

तिथंच कळतं की लेन्स कधी द्यायची नाही. सोळा वर्षांचा मुलगा, ॲलर्जीनं सतत डोळे चोळतो, मागच्या वेळेपेक्षा बुबुळ आणखी टोकदार झालंय. त्याला आधी ॲलर्जीचे उपचार आणि कॉर्नियाच्या डॉक्टरांकडे क्रॉसलिंकिंगसाठी, म्हणजे बुबुळ मजबूत करून आजार रोखण्याच्या उपचारासाठी, पाठवायचं. लेन्सनं केराटोकोनस थांबत नाही. आईवडिलांना हे तीन-तीनदा सांगावं लागतं.

आणि पाणी! आमच्याकडे कुणी विहिरीच्या पाण्यानं लेन्सची डबी धुतं, कुणी टाकीच्या. अकँथामीबाचा, म्हणजे पाण्यातल्या सूक्ष्म जीवाचा, डोळ्यातला संसर्ग एकदा पाहिलास की डबी नळाखाली धरणाऱ्याचा हातच धरशील. हळदीच्या हंगामात अडतीवरचे पेशंट आले की आधी त्यांना हात कसे धुवायचे ते दाखवते, लेन्स नंतर.

एडिसनचा_ओडी

तो मावसभाऊ मी नव्हे! रेसिडेन्सीबद्दल सांगतो. ती ओडी (डॉक्टर ऑफ ऑप्टोमेट्री) पदवीनंतरची आहे, पदवीऐवजीची नाही. बी.ऑप्टमवर थेट प्रवेश मिळत नाही. आधी इथल्या मान्यताप्राप्त कॉलेजातून ओडी करायची. परदेशी पदवीधरांना थोडक्या काळात ती करता येईल अशी सोय काही ठिकाणी आहे, बॉस्टनचं न्यू इंग्लंड कॉलेज ऑफ ऑप्टोमेट्री त्यातलं एक. एनबीईओच्या, म्हणजे ऑप्टोमेट्रीच्या राष्ट्रीय परीक्षा मंडळाच्या, परीक्षाही द्याव्या लागतात. खर्च भरपूर, कर्ज काढूनच शिकतात बहुतेक.

रेसिडेन्सी साधारण जुलै ते जून, एक वर्षाची. लायसन्ससाठी ती सक्तीची नाही, हौसेनंच करतात. जागा ओआरमॅच या उमेदवार-जागा जुळवणाऱ्या व्यवस्थेतून मिळतात आणि वर्षाअखेरी प्रकाशनयोग्य दर्जाचा लेख लिहावा लागतो. मोठा फरक अधिकाराचा. इथे ऑप्टोमेट्रिस्ट औषधाचे थेंब लिहून देतो. लेन्स घालून झोपलेला, लाल डोळ्याचा कॉलेजचा पोरगा आला तर बुबुळाचा अल्सर आहे का ते बघणं, जंतूंच्या तपासणीसाठी कल्चर घ्यायचं का ठरवणं, अँटिबायोटिक सुरू करणं, दुसऱ्या दिवशी परत बोलावणं, सगळं रेसिडेंटच्या गळ्यात. भारतात राहायचं असेल तर यासाठी एवढा पैसा ओतू नकोस.

पुण्यातला_चष्मेवाला

ताईंचं लिहिणं वाचून आनंद झाला, पण पोराला हिशेबही सांगा. एका केराटोकोनसला अख्खी दुपार जाते. तेवढ्यात माझे सात-आठ प्रोग्रेसिव्ह चष्मे निघतात. स्क्लेरलचा ट्रायल सेट, टोपोग्राफर, हे सगळं आणायचं कुठून? आणि लेन्सची किंमत ऐकून पेशंट उठून जातो.

सांगलीची_लेन्सवाली

दादा, हिशेब खरा आहे. पहिली दोन वर्षं मीही सकाळी एका डॉक्टरांकडे रिफ्रॅक्शन करायची. टोपोग्राफी अजूनही त्यांच्याकडेच होते, मी मशीन घेतलंच नाही. फिटिंगची फी आणि लेन्सची किंमत वेगळी सांगते, आणि फी आधी घेते. पेशंट उठून जातात, जाऊ देते. कॉर्नियाचे डॉक्टर ज्यांना पाठवतात ते मात्र चष्मा, सॉफ्ट लेन्स सगळं करून थकलेले असतात. ते परत येतात. तुमच्याइतकी कमाई नाही, हे मान्य.

नाशिकचा_इंटर्न

ताई, मुलाखतीला बोलावलंय एका ठिकाणी. तिथं काय विचारू?

सांगलीची_लेन्सवाली

फिट मी करणार की सीनियर करणार नि मी टिपणं काढणार, हे पहिलं विचार. मी फिट केलेला पेशंट फॉलोअपला माझ्याकडेच येतो का, हे दुसरं. काही ठिकाणी येत नाही, मग बिघडलेलं फिट तुला दिसणारच नाही. कॉर्नियाच्या ओपीडीत महिन्यातले किती दिवस, तेही विचार. आणि चालू बॅचच्या फेलोंशी बोल, चहाच्या टपरीवर, प्रमुखांसमोर नको. दुकानवाल्यांना वर्षभर थांबता का विचारून बघ, बी.ऑप्टमवाले त्यांना सहज मिळत नाहीत.