घरातला दगडांचा संग्रह वाढतोय, नीट कसा ठेवायचा? (नाशिक)

निफाडची_लेक

नमस्कार मंडळी. मी इंदिरानगरला राहते, तिसरा मजला, दोन बेडरूमचा फ्लॅट. माहेर निफाड तालुक्यातलं. भावाच्या विहिरीचं काम निघालं तेव्हा वर काढलेल्या डबरात पांढरे आणि फिकट गुलाबी स्फटिक दिसले, तिथून हा नाद लागला. आता आजूबाजूच्या गावात कुणाची विहीर निघाली की भावाचा फोन येतो, "तायडे, तुझे दगड निघालेत, ये." काही नमुने सिन्नरकडून विकत घेतलेत. सगळे मिळून दोनशेच्या पुढे गेलेत.

स्टिल्बाइट सगळ्यात जास्त, मधे आवळलेल्या पेंढीसारखे त्याचे जुडगे. हुलँडाइट, ॲपोफिलाइट, स्कोलेसाइटच्या सुया, कॅल्साइट, गारगोट्या. ओकेनाइटचे केसाळ पांढरे गोळे दोन, ते जिवापाड जपते. ठेवलंय सगळं माहेरून आलेल्या द्राक्षाच्या खोक्यांत आणि टोमॅटोच्या क्रेटमध्ये. क्रेट गॅलरीत, खोकी दिवाणात. सासूबाईंना गॅलरीत वाळवणं घालायची असतात, त्यामुळे हे आता हलवायलाच हवं. हलवायचंच आहे तर एकदाच नीट हलवू.

विचारायचं ते असं. कपाट करून घ्यावं की रॅक? मांडणी कशी लावावी, रंगानं, नावानं की गावानं? एका विहिरीतून आणलेला नमुना आणला तेव्हा चांगला टणक होता, एप्रिल-मेमध्ये त्याच्या कांड्या आपोआप सुटून भुगा व्हायला लागला, तो का? आणि काही स्टिल्बाइटवर गंजासारखे तांबूस डाग आहेत. हार्डवेअरवाला म्हणतो ॲसिडनं दोन मिनिटांत निघतील. लावू का?

ओझरकर_काका

ताई, ॲसिडची बाटली आधी घराबाहेर. बाकीचं नंतर बोलू.

कॅल्साइट तर ॲसिडमध्ये फसफसून विरघळतो. झिओलाइटही (स्टिल्बाइट, हुलँडाइट, स्कोलेसाइट याच कुळातले) टिकत नाहीत, स्कोलेसाइटसारख्याचा तर चक्क चिकट गोळा होतो. पुष्कळ जण ऑक्झॅलिक ॲसिड सुचवतील. ते गारगोटीवरच्या गंजाला उत्तम, पण तुमच्या बहुतेक खनिजांत कॅल्शियम आहे. त्यावर ऑक्झॅलिक गेलं की पांढरट साय धरते आणि ती पाण्यानं जात नाही. साधं पाणी, जुना मऊ टूथब्रश, एक थेंब भांड्याचा साबण, एवढंच. तांबूस राहिलं तर राहू द्या. तो डागही त्या विहिरीचाच आहे.

ओकेनाइटला मात्र पाणी नाही, ब्रश नाही, बोटही नाही. ओला झाला की केस एकमेकांना चिकटून बसतात आणि पुन्हा उभे राहत नाहीत. कॅमेऱ्याची धूळ उडवायचा रबरी फुगा मिळतो, त्यानं लांबून वारा द्या. आणि त्याच्याखाली कापूस घालू नका. कापसाचा तंतू केसांत अडकतो, काढायला गेलं की केस तुटून येतात. तळच्या काळ्या दगडाला पकडून बसेल असा फोमचा खळगा करा आणि वरून उंच झाकणाची पारदर्शक डबी घाला.

आता खोक्यांचं. द्राक्षाची खोकी मजबूत असतात, मीही वापरली आहेत. पण निर्यातीच्या पॅकिंगमध्ये घडांवर एक कागदी पॅड ठेवतात, बुरशी लागू नये म्हणून. त्यातून सल्फर डायऑक्साइड सुटतो. तुम्ही द्राक्षवाल्या घरच्या, तुम्हाला तो नाकात जाणारा वास माहीत असेल. असं पॅड किंवा त्याचा तुकडाही खोक्यात राहिला आणि पावसाळ्याची ओल मिळाली की त्याचं आम्ल होतं. कॅल्साइटच्या शेजारी ते नको. खोकी उलटी करून तपासा, उन्हात दोन दिवस टाका आणि मगच भरा.

माझी सगळी नोकरी ओझरच्या विमान कारखान्यात टूल रूममध्ये गेली. तिथे एक शिस्त हाडात भिनते: वस्तू कितीही भारी असो, नंबर नाही तर ती वस्तू नाही. दगडांना मी तेच लावलं. तुम्ही रंग, नाव, गाव विचारताय, पण त्याआधी नंबर. साधा चालू क्रमांक. १, २, ३ असा. त्या नंबरात गावाचं अक्षर, खनिजाचं अक्षर, साल, असलं काही कोंबायचं नाही. आज ज्याला हुलँडाइट म्हणताय तो उद्या स्टिल्बाइट निघाला तर नंबर खोटा पडतो. क्रमांक मुका असावा, बोलायचं काम वहीनं करावं. आणि एखादा नमुना कुणाला दिलात तरी त्याचा नंबर दुसऱ्याला देऊ नका.

नंबर घालायची पद्धत सांगतो. नमुन्याच्या मागे जिथे नुसता काळा पाषाण आहे तिथे पांढऱ्या ॲक्रेलिक रंगाचा ज्वारीच्या दाण्याएवढा ठिपका. पूर्ण वाळला की ०.३ च्या ड्रॉइंग पेननं नंबर. शाई न पसरणारी हवी, जेल पेन नको. वर पारदर्शक वॉर्निशचा एक हात. स्फटिकावर कधीही रंग लावायचा नाही. पाठीला काळा दगडच नसेल, नुसते स्फटिक असतील, तर नंबर डबीला आणि आत चिठ्ठीवर. चिठ्ठी पेन्सिलनं लिहा. पेन्सिल फिकी पडत नाही, ओल लागली तरी पसरत नाही. फक्त कागदाला कसर लागते, म्हणून वहीच्या प्रत्येक पानाचा फोटो फोनमध्ये हवाच.

वहीत काय लिहायचं? गाव, तालुका, कुणाची विहीर, किती फुटांवरचं डबर, तारीख, कुणी दिला. फुटांचा आकडा लोक सोडून देतात आणि मला त्याचंच सगळ्यात वाईट वाटतं. आपल्याकडचा कातळ म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे एकावर एक बसलेले थर. वायूच्या बुडबुड्यांनी पोकळ्या राहिल्या आणि पुढे त्यांतून खनिजं विरघळलेलं गरम पाणी फिरलं, तेव्हा हे स्फटिक जमले. प्रत्येक थराच्या पोकळ्या निराळ्या. एकाच विहिरीत तीस फुटांवर एक गोष्ट मिळेल, पन्नास फुटांवर दुसरीच. विहीर एकदा बांधली, पाणी आलं, की तो कातळ पुन्हा कुणाला दिसणार नाही. तुमच्याकडचा तुकडा आणि त्यासोबतच्या वहीतल्या दोन ओळी, एवढाच त्याचा पुरावा उरतो. सुरुंग कितव्या फुटावर होता हे तुमच्या भावाला आज आठवेल, पाच वर्षांनी नाही आठवणार. आजच फोन करा.

विकत घेतलेल्याचं वेगळं लिहायचं. "स्वतः उचलला" आणि "विक्रेत्यानं सांगितलं" हे दोन शब्दप्रयोग मी कधीच एकत्र होऊ देत नाही. विक्रेता नुसतं "नाशिक" म्हणतो. नाशिक जिल्हा केवढा आहे!

कपाटाबद्दल: उथळ ड्रॉवर. दोन इंची जास्त, तीन इंची थोडे, चार-पाच इंची एकदोन. खोल ड्रॉवरमध्ये माणूस दगडावर दगड ठेवतोच. ड्रॉवरमध्ये अर्ध्या किलोचे मिठाईचे खोके बिनझाकणाचे लावले की आपोआप कप्पे होतात आणि एकेक कप्पा उचलून बघता येतो. दगड हाताळायचा नाही, खोका हाताळायचा. तळाला इव्हा फोम घाला. गादीतला पिवळा स्पंज काही वर्षांनी चिकट भुकटी होऊन स्फटिकांत शिरतो, तो नको. नवीन प्लायचं कपाट केलंत तर वास पूर्ण जाईपर्यंत उघडं ठेवा. माझं कपाट भंगारातून घेतलेलं लोखंडी आहे, नकाशे ठेवायचं. घासून रंग दिला. तसलं मिळालं तर सोडू नका.

भूशास्त्र_पंचवटी

काकांचं नंबर आणि वहीचं शंभर टक्के पटलं. मांडणीबद्दल माझं मत द्यायला आलोय, आणि त्या भुग्याबद्दल.

भुगा होणारा नमुना बहुतेक लॉमोंटाइट आहे. पांढऱ्या किंवा गुलाबीसर कांड्या, लांबट, टोकाला तिरप्या छाटलेल्या, असं असेल तर नक्कीच तो. त्याच्या रचनेत पाणी असतं आणि कोरड्या हवेत ते घरातल्या तापमानालाच निघून जायला लागतं. पाणी गेलं की स्फटिक आधी दुधाळ होतो, मग भेगा, मग भुगा. विहिरीत तो ओल्या कातळात होता म्हणून शाबूत होता. आपला एप्रिल त्याला सोसत नाही. यात तुमच्या हाताळणीचा काही संबंध नाही. पुढच्या वेळी असा नमुना मिळाला तर तिथेच ओल्या कागदात गुंडाळून हवाबंद डब्यात आणा आणि हवाबंदच ठेवा. काही संग्राहक त्यात पातळ ॲक्रेलिक द्राव मुरवतात. तो टिकतो, पण मूळ चमक जराशी बदलते. मी स्वतः मुरवत नाही.

याच्या बरोबर उलट पायराइट, म्हणजे लोखंड आणि गंधकाचं सोनेरी चमकीचं खनिज. तुमच्या यादीत दिसत नाही, पण विकत घ्यायला लागलात की एखादा येतोच. त्याला आपला जुलै-ऑगस्ट मारतो. हवेतली आर्द्रता साठ टक्क्यांच्या वर राहिली की काही पायराइट पांढरट-पिवळी भुकटी सोडायला लागतात आणि त्यातून गंधकाम्ल तयार होतं. खालचं खोकं, चिठ्ठी, शेजारचा कॅल्साइट, सगळं खातं ते. त्याला वेगळी हवाबंद डबी, आत सिलिका जेल. म्हणजे एकाच कपाटात दोन टोकाचे पाहुणे. लॉमोंटाइटच्या डबीत चुकूनही सिलिका जेल टाकू नका.

मांडणी मी खनिजानुसार करतो. कारण कठीणपणा. तो १ ते १० असा मोजतात, १ सगळ्यात मऊ. गारगोटी ७, ॲपोफिलाइट साडेचार ते पाच, स्टिल्बाइट आणि हुलँडाइट साडेतीन ते चार, कॅल्साइट ३. गारगोटी कॅल्साइटला घासली की ओरखडा कॅल्साइटवरच. साध्या धुळीतही गारगोटीचे कण असतात, म्हणून कॅल्साइट फडक्यानं पुसायचा नाही, फुंकायचा किंवा धुवायचा. गावानुसार लावलं तर एकाच ड्रॉवरमध्ये सातवाला आणि तीनवाला शेजारी येतात.

शोकेस करणार असाल तर ॲपोफिलाइटवर जुन्या पद्धतीचा तापणारा दिवा सोडू नका. त्यातही पाणी आहे, आणि पापुद्र्यांनी सुटायची त्याची सवय आहे. एलईडी लावा, तोही थोडा लांब. जांभळी गारगोटी असेल तर तिला खिडकीचं ऊन नको, रंग उतरतो.

आणि एक जाता जाता. नाशिक परिसरातून पॉवेलाइट नावाचं खनिज निघालेलं आहे. पिवळसर, वजनाला जड, आकारानं बहुधा बारीक. शॉर्टवेव्ह अतिनील दिव्याखाली फिकट पिवळं चमकतं. ॲपोफिलाइट-स्टिल्बाइटच्या बुडाशी कधी बसलेलं असतं. तुमचे दोनशे नमुने एकदा रात्री दिवे बंद करून त्या दिव्याखाली फिरवा. चष्मा लावून, दिव्याकडे थेट न बघता.

ओझरकर_काका

पंचवटीकर, कठीणपणाचा मुद्दा बरोबर, पण प्रत्येकाला स्वतःचा खोका दिला की घासायचा प्रश्नच कुठे येतो? मी गावानं लावतो, कारण ड्रॉवर उघडला की अख्खी विहीर समोर येते. ॲपोफिलाइट कशावर वाढलाय, त्याच्यासोबत काय होतं, हे शेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही. खनिजानं लावायला वही आहेच. ताई, माझं ऐकाल तर गावानं लावा. अपवाद ओकेनाइट, पायराइट आणि लॉमोंटाइट, त्यांना स्वतंत्र जागा.

सातपूरचा_सिव्हिलवाला

दगडातलं मला कळत नाही, वजनातलं कळतं. एक घनफूट अखंड बसाल्ट साधारण ८० किलो भरतो. टोमॅटोचा क्रेट दगडांनी काठोकाठ भरला तर पोकळी धरूनही पन्नास किलोच्या पुढे जातो. घरातल्या स्लॅबचं डिझाइन चौरस मीटरला २०० किलो भार धरून केलेलं असतं. क्रेटवर क्रेट रचून गॅलरीच्या कठड्याला लावणं आधी थांबवा, गॅलरी पुढे आलेली असते. माळ्यावर तर अजिबात नको.

कपाट भिंतीलगत, खाली बीम असलेल्या बाजूला. जड ते खालच्या ड्रॉवरमध्ये, आणि कपाट वरून भिंतीला पट्टीनं आवळून टाका. घरात मूल असेल तर हे आजच करा, चार ड्रॉवर एकदम ओढले की भरलेलं कपाट पुढे येतं. ड्रॉवरचं चॅनल घेताना किती किलोचं आहे ते विचारून घ्या, सुतार हाताला येईल ते लावतो.

निफाडची_लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. कांड्या तिरप्या छाटलेल्याच आहेत, म्हणजे लॉमोंटाइट. उरलेला तुकडा डबीत बंद केला. खोकी उलटी केली तर दोन खोक्यांत पॅडचे तुकडे सापडले, काका. क्रेट आज गॅलरीतून हॉलच्या भिंतीला आणून एकेरी लावलेत, रचलेले नाहीत.

गावानुसार लावायचं ठरवलं. भावाला फोन केला, त्यानं विहीर फोडणाऱ्या मुकादमालाच लाइनवर घेतलं. त्यांना फुटांचा हिशोब तोंडपाठ आहे, कारण मजुरी फुटावर असते. हुलँडाइटचा मोठा तुकडा अडतीस फुटांवरचा, त्याच्याखाली लाल मातीचा पट्टा लागला होता, हेही त्यांनीच सांगितलं. तसंच्या तसं लिहून घेतलं.

एकच उरलंय. तीस-पस्तीस नमुने असे आहेत की ते तीनपैकी कुठल्या विहिरीचे हे आता कुणालाच सांगता येत नाही. त्यांचं काय करू? अंदाजानं वाटून टाकू का?

ओझरकर_काका

अंदाजानं नको. नंबर द्या आणि गावाच्या रकान्यात लिहा: "निफाड तालुका, तीनपैकी एक विहीर, नक्की नाही." तिन्ही गावांची नावं पुढे लिहा. अर्धवट पण खरी नोंद चालते. खोटी नोंद एकदा वहीत बसली की ती काढायला मार्ग नाही, कारण पुढे वाचणाऱ्याला ती खरीच वाटते.

मग त्यांचा वेगळा ड्रॉवर करा आणि नक्की ठिकाण माहीत असलेल्यांच्या मागची बाजू त्यांच्याशी ताडून बघा. पाषाणाचा रंग, पोकळ्यांचा आकार, पोकळीच्या कडेला हिरवट अस्तर आहे का. काही नमुने ओळखू येतील. आले तर गावापुढे "पाषाणावरून जुळवलं" असं लिहा, तारखेसह. आणि त्या मुकादमांचा नंबर जपून ठेवा. पुढची विहीर धरतील तेव्हा आधी तुम्हाला कळवा म्हणावं, पण डबर वर आल्यावरच जायचं, विहिरीत उतरायचं नाही. शेतमालकाला विचारल्याशिवाय ढिगाला हात लावायचा नाही. पांडवलेण्यासारख्या संरक्षित ठिकाणचा तर खडाही उचलायचा नाही.

लाल मातीच्या पट्ट्याची चिमूटभर माती मिळाली तर डबीत घालून तिलाही नंबर द्या. तो दोन लाव्हाथरांमधला पट्टा असतो. कोणता नमुना त्याच्या वरचा, कोणता खालचा, हे त्यावरून लावता येईल.