शेवट माहीत असला की उत्कंठा संपते म्हणणाऱ्यांसाठी

परभणीकर: परवा इथं एकानं लिहिलं, "शोकांतिकेचा शेवट आधीच ठाऊक असतो, मग उत्कंठा कसली? प्रेक्षकाला धक्का हवा असतो." वाचून डोकं तापलं. ग्रीक नाटककार सोफोक्लिसचा 'ईडिपस' राजा घ्या. अथेन्सच्या प्रेक्षकाला कथा पाठ होती. तरी करिंथच्या दूताचा प्रवेश बघा. दूत ईडिपसला सांगतो, तुझा बाप वारला. म्हणजे बापाला मारशील, आईशी लग्न करशील, ही भविष्यवाणी खोटी! आईची भीती उरली, तीही जावी म्हणून बिचारा बोलून जातो, ते तुझे खरे आईबाप नव्हतेच. हे चाललेलं असताना त्याची बायको, खरं तर आईच, योकास्टा बाजूला गप्प उभी. तिला कळलंय, ह्याला नाही. ती विनवते, पुढं विचारू नको. ह्याला वाटतं, आपलं कूळ हलकं निघेल म्हणून बाई लाजायली. काय होणार ते माहीतच आहे. ह्याला कधी कळणार, म्हणून जीव टांगणीला लागतो.

लातूरचा रसिक: ते माझंच वाक्य. ग्रीकांचं सोडा, आपलं बोला. १९१९ साली गंधर्व नाटक मंडळीनं 'एकच प्याला' आणलं, दारूपायी सुधाकर-सिंधूचा संसार उद्ध्वस्त होतो ते नाटक. सिंधूचं दुःख टिपेला पोचलं की पद, वर सिंधू झालेल्या बालगंधर्वांना वन्समोर. ताण राहील कसा?

अंबाजोगाईची लेक: पदानं ताण तुटत नाही, लांबतो. आमच्या गावच्या गणपतीत हेच नाटक बसवलं होतं. सुधाकराची वकिलीची सनद गेलेली, दारुडा तळीराम पेला पुढं करतो. पुढच्या रांगेतली मावशी उठून ओरडली, "घेऊ नको रे लेकरा!" तिच्या घरी तेच चालू होतं. सुधाकर माझा भाऊ होता. त्याचा हात खरंच थरथरला, पेल्यातलं सरबत बोटांवर सांडलं.

लातूरचा रसिक: मावशीला घरचं आठवलं, नाटक नाही कळलं.

अंबाजोगाईची लेक: तोंड सांभाळा. पहिल्या पेल्यालाच तिला शेवट दिसला, म्हणून ती उठली. याहून जास्त काय कळायचं असतं?

नांदेडचा लाईटवाला: तुम्ही पदांवर भांडायले, इथं प्रयोगाला जागा नाही! आमचं नाट्यगृह दुरुस्तीच्या नावाखाली बंद. मंगल कार्यालयात पत्र्याच्या फटींतून ऊन येतं, मिट्ट अंधार होतच नाही. ब्लॅकआउट न देता ताण कसा धरायचा, सांगा.

परभणीकर: आमच्याकडंही तेच. पण ग्रीकांचे प्रयोग भर उन्हातच व्हायचे, राजेहो.

नांदेडचा लाईटवाला: त्यांच्या पाठीमागं जेवणाच्या पंगती उठत नव्हत्या!

लातूरचा रसिक: मावशीबद्दलचं वाक्य मागं घेतो. दूताचा प्रवेशही मान्य. वन्समोरवर मात्र माघार नाही.

अंबाजोगाईची लेक: नका घेऊ. यंदा पुन्हा बसवतोय, येऊन बघा.

नांदेडचा लाईटवाला: तारीख कळवा. डिमर आणि चार स्पॉट मी आणतो.