मदत हवी आहे: ग्राहक कंपनीने दिवाळीची भेट परत पाठवली, यंदा काय करावे?

नमस्कार.

भोसरीत आमचे सुटे भाग बनवण्याचे छोटे वर्कशॉप आहे. वडिलांच्या काळापासून धनत्रयोदशीच्या आधी आम्ही सात-आठ ग्राहक कंपन्यांच्या खरेदी विभागांत सुकामेव्याचे डबे पोहोचवतो आणि वर्षभर काम दिल्याबद्दलची कृतज्ञता, याखेरीज त्यामागे कधीच दुसरा हेतू नव्हता.

गेल्या वर्षी मात्र एका मोठ्या कंपनीच्या गेटवरून आमचा डबा परत आला. वरची जरीची फीतही सुटलेली नव्हती. सोबत दोन ओळींचे छापील पत्र होते, की आचारसंहितेनुसार पुरवठादारांकडून भेटवस्तू स्वीकारता येत नाहीत. नियम योग्यच आहे. पण डबा ज्या खरेदी व्यवस्थापकांच्या नावे गेला होता, त्यांना वरिष्ठांपुढे खुलासा करावा लागल्याचे नंतर कळले. त्या वेळी आमची दरवाढीची मागणी त्यांच्याच टेबलावर होती, हे माझ्या ध्यानातच आले नव्हते. आपल्यामुळे एका सरळ माणसाकडे संशयाने पाहिले गेले, ही गोष्ट मला अजून सलते.

आमच्या सीएंनी कराची बाजू समजावली आहे: एकाच ग्राहकाला वर्षभरात 20,000 रुपयांहून अधिकच्या भेटी दिल्या, तर 2022 पासून लागू झालेल्या आयकराच्या तरतुदीनुसार 10 टक्के करकपात येते आणि भेटवस्तूंवर भरलेल्या जीएसटीचे क्रेडिटही मिळत नाही. आमचा डबा हजार-बाराशेचा, त्यामुळे करकपातीचा प्रश्न नाही. आमच्या ग्राहकांत एक सरकारी उपक्रमही आहे. लोकसेवकाला लाच देणे हा 2018 च्या दुरुस्तीने स्वतंत्र गुन्हा झाला असल्याने तिथे केवळ शुभेच्छापत्र पाठवायचे, हे मी ठरवले आहे. एका स्नेह्यांनी इतरांसाठी चांदीचे नाणे सुचवले, पण नाणे म्हणजे जवळजवळ रोख रक्कमच, म्हणून ते मला पटत नाही.

जाणकारांना विचारायचे आहे ते असे. उरलेल्या कंपन्यांना भेट स्वीकारता येते का, हे आधी कोणाला विचारावे? थेट खरेदी विभागाला विचारले तर त्यांची पुन्हा अडचण होईल, असे वाटते. डबा व्यक्तीच्या नावे न देता, सर्वांना वाटून खाता येईल अशी मिठाई विभागाच्या नावे दिली तर चालते का? दरांची बोलणी सुरू असताना भेट पुढे ढकलावी, की त्या वर्षी देऊच नये? आणि ज्या व्यवस्थापकांना त्रास झाला, त्यांची प्रत्यक्ष भेटून क्षमा मागावी, की तो विषय पुन्हा काढल्याने त्यांना अधिकच अवघडल्यासारखे होईल?

खरेदी विभागात काम केलेल्या कोणी आपला अनुभव सांगितला, तर फार आभारी राहीन.