मदत हवी आहे: वेरूळ ते परळी सायकलवर, रस्त्याची ताजी खबर कोण देईल?

पायडलमामा (९ नोव्हेंबर २०२५)

मंडळी नमस्कार,

मी अंबाजोगाईचा. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात भाचीला घेऊन घृष्णेश्वर, औंढा नागनाथ आणि परळी वैजनाथ ही मराठवाड्यातली तिन्ही ज्योतिर्लिंगं सायकलवर करायचा बेत आहे. नवस वगैरे काही नाही. ती छत्रपती संभाजीनगरला इंजिनिअरिंगला आहे. सुट्टीत घरी यायचंच आहे तर एसटीऐवजी सायकलनं येऊ म्हणाली, आणि मी हो म्हणून बसलो. वेरूळहून निघायचं, मग जालना, वाटूर फाटा, मंठा, जिंतूर, औंढा, जवळा बाजार, परभणी, गंगाखेड, परळी आणि तिथून घर. ३५० किलोमीटरच्या वर जाईल, चार दिवस धरलेत.

जेवणाची, मुक्कामाची काळजी नाही. सोयरे गावोगाव आहेत. उलट त्यांच्या तावडीतून सकाळी वेळेवर सुटायचं कसं, हा प्रश्न. घोडं अडलंय ते रस्त्यापाशी.

गेल्या वर्षी याच दिवसांत एकटाच परभणीकडे निघालो होतो. आधी तिघांना विचारलं. मेहुणा म्हणाला, "चकाचक झालाय, ऐंशीनं गाडी पळते." तो खोटं बोलला नव्हता. पण तो गेला होता दिवाळीत, आणि चारचाकीत. मी पोचेपर्यंत पुढचा टप्पा उकरून ठेवला होता. एका बाजूला सिमेंटची पट्टी ओतलेली, वर ओलं गोणपाट, तोंडाला दगड लावून बंद. दुसऱ्या बाजूला लिंबाएवढी खडी नुसती पसरलेली, रोलर फिरायचा बाकी. अकरा किलोमीटरला अडीच तास गेले. त्यात एका खडीनं मागच्या टायरची बाजू कापली आणि ट्यूब बेडकाच्या गळ्यासारखी बाहेर फुगायला लागली. कडेच्या चहाच्या हॉटेलवाल्या मामांनी युरियाच्या रिकाम्या गोणीचा चार बोटं तुकडा विळ्यानं कापला, दुहेरी घडी करून टायरच्या आतून बसवला, वर म्हणाले, "हवा जरा कमीच ठेवा." त्या गोणीवर परभणी गाठली. आता दर फेरीला असा एक तुकडा सोबत असतो.

काम कोणाकडे होतं, किती दिवस रखडलं, त्यात शिरत नाही. माझं म्हणणं एवढंच की "रस्ता चांगला आहे" या वाक्याला तारीख आणि वाहन जोडलेलं नसेल तर सायकलवाल्याला ते काही कामाचं नाही.

यंदा तर सप्टेंबरात काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय. गोदावरी, सिंदफणा, मांजरा, सगळ्याच नद्या गावांत शिरल्या. पाणी ओसरल्यावर पूल उभा दिसतो, पण त्याच्या दोन्ही तोंडांचा भराव खचलेला असतो. तिथं मुरूम टाकून तात्पुरती वाट करतात. चारचाकीला तो एक हिसका वाटतो, आमचं पुढचं चाक तिथं रुततं. नकाशावर यातलं काहीच दिसत नाही.

आणखी एक अडचण. भाचीची रोड बाइक आहे, टायर २५ मिमीचे, हवा शंभर पीएसआयच्या आसपास. माझी हायब्रिड, ४० मिमी, हवा पन्नास. म्हणजे एकाच रस्त्याची आम्हा दोघांना दोन वेगळी उत्तरं मिळणार. मी तिला चाकं बदल म्हणतोय, ती मला वेग वाढव म्हणतेय.

तर विनंती अशी. या वाटेवरचा कुठलाही तुकडा, अगदी पाच किलोमीटरचा का असेना, तुम्ही इतक्यात पार केला असेल तर कळवा. कुठून कुठपर्यंत, कोणत्या तारखेला, कशावरून गेलात आणि कडेनं गेलात की मधून, एवढं लिहिलं तरी पुरे. काम चालू असेल तर कोणती बाजू खुली आहे तेही सांगा. आज कळलेलं डिसेंबरपर्यंत शिळं होईल, ठाऊक आहे. म्हणून निघायच्या आठवडाभर आधी हाच धागा पुन्हा वर आणीन, तेव्हा कंटाळू नका.

---

गाडीवाट (९ नोव्हेंबर)

समृद्धीनं या की मामा, जालन्यापर्यंत लोण्यासारखा रस्ता आहे. 😀

---

पायडलमामा

समृद्धीवर दुचाकीलाच बंदी आहे भाऊ, सायकलला कोण उभं करतंय? टोलनाक्यावरूनच परत पाठवतील, आणि ते बरोबरही आहे. आम्ही आपले जुन्या रस्त्यानं.

---

तिफण (१० नोव्हेंबर)

मामा, मी औंढ्याजवळचा, रोज मोटारसायकलवर शाळेवर जातो. जिंतूरकडून येणाऱ्या रस्त्याचं माझ्या वाटेतलं ७-८ किलोमीटर सांगू शकतो. आज सकाळी साडेसातला गेलो. डांबर ठीक आहे, ठिगळं आहेत पण बसलेली आहेत. खरी अडचण येगळीच आहे. सोयाबीन संपलं, आता मका वाळू घालायलेत रस्त्यावर. अर्धा रस्ता मक्याचा, अर्धा वाहनांचा. मक्यावरून सायकल नेऊ नका, दाणे चाकाखाली छऱ्यासारखे पळतेत.

अन् मक्यापेक्षा दगडाला भ्या. रास तुडवू नये म्हणून कडेनं डोक्याएवढाले दगड लावतेत. मका उचलून नेतेत, दगड तिथंच. मागं अंधारात एकाची मोटारसायकल अशाच दगडावर गेली होती. तुम्ही अंधार पडायच्या आत मुक्काम गाठा.

---

पायडलमामा

गुरुजी, मला हवं होतं ते हेच. हे कुठल्या ॲपमध्ये सापडणार? आठवड्यानं जमलं तर पुन्हा एक ओळ टाका.

---

काळीमाती (१० नोव्हेंबर)

रस्त्याच्या कामांवर उभा राहून आयुष्य गेलं, आता निवृत्त आहे. थोडं लांबेल, पण भाचीच्या २५ मिमीच्या टायरसाठी कामाचं आहे.

आपली काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते. रस्त्याच्या मध्याखाली ओल वर्षभर जवळपास तेवढीच राहते, कारण वर डांबराचं झाकण असतं. कडेला तसं नाही. पावसाळ्यात तिथं पाणी मुरतं, उन्हाळ्यात तीच जागा आधी वाळते. म्हणून कडेपासून हात-दीड हातावर रस्त्याच्या लांबीनं भेग पडते. मधला भाग जागेवर राहतो आणि कड खाली बसते. आता विचार करा, सायकल नेमकी कुठून चालते? त्याच हात-दीड हातावरून.

आडव्या भेगेवर नुसता धक्का बसतो. लांबीच्या भेगेत बारीक चाक अडकलं की हँडल वळत नाही आणि माणूस सरळ आडवा होतो. या भेगा एप्रिल-मेमध्ये सगळ्यात जास्त उघडतात. डिसेंबरात निम्म्या मिटलेल्या असतील, पण मिटलेल्या दिसतात म्हणून बेफिकीर राहू नका. मागून गाडी नसेल तर कडेपासून चार फूट आत चालवा. ३२ मिमीचे टायर तिच्या सायकलला बसत असतील तर बसवा. २५ वर हट्ट करू नका.

नव्या सिमेंट रस्त्यावर भेगांचा त्रास कमी, पण साइडपट्टी भरलेली आहे का ते पाहा. पट्टी न भरता रस्ता खुला केला असेल तर कडेला वीतभर उभी पायरी असते. ट्रकनं दाबलं म्हणून खाली उतरायला गेलात तर उतरणार नाही, पडाल.

---

पायडलमामा

काका, तुमचा प्रतिसाद भाचीला वाचून दाखवला. "मामा, तुम्हीच लिहायला लावलंत ना त्यांना?" असं म्हणाली. पण ३२ बसतील का ते दुकानात विचारायला गेलीय.

---

नकाशावेडी (११ नोव्हेंबर)

ओपनस्ट्रीटमॅपवर प्रत्येक रस्त्याला 'सरफेस' आणि 'स्मूदनेस' असे दोन टॅग देता येतात. पहिला म्हणजे डांबर, सिमेंट, मुरूम की माती. दुसरा म्हणजे किती गुळगुळीत. त्यात 'गुड' म्हणजे रोड बाइक चालेल, 'इंटरमीडिएट' म्हणजे साधी सायकल, 'बॅड' म्हणजे जाड टायरची. पाहिल्याची तारीखही टाकता येते. आपल्या भागात बहुतेक रस्त्यांना यातलं काहीच भरलेलं नसतं, त्यामुळे सायकलची ॲप अंदाजानं वाट काढतात आणि भलत्या पांदणीत नेऊन सोडतात. परतल्यावर मामांनी आणि भाचीनं मिळून हे भरलं तर पुढच्याला फायदा. पण खोदकामासारखी आठवड्याला बदलणारी गोष्ट नकाशात घालू नका, ती इथेच लिहा. नकाशातून नंतर काढायची कोणाला आठवण राहत नाही.

एक जुगाड सांगते. ग्रामसडक योजनेच्या रस्त्याच्या तोंडाशी कामाचा फलक असतो. त्यावर काम कधी पूर्ण झालं ते लिहिलेलं असतं. प्रधानमंत्री ग्रामसडकच्या रस्त्यांना पुढची पाच वर्षं देखभालीची जबाबदारी ठेकेदाराकडेच असते. मी फाट्यावर थांबून आधी ते वाचते आणि मग आत शिरायचं की नाही ते ठरवते. दर वेळी खरं ठरतं असं नाही, पण नकाशापेक्षा बरं.

---

गोदाकाठ (१२ नोव्हेंबर)

परभणी ते गंगाखेड माझ्या नेहमीच्या वाटेवर. एके काळी या रस्त्याचं नाव काढलं की लोक हात जोडायचे. बाळंतिणीला या रस्त्यानं नेऊ नका म्हणायचे. आता ते दिवस राहिले नाहीत. ८ तारखेला टेम्पोतून गेलो, खड्डा म्हणावा असा लागला नाही. पण टेम्पोतून, हे लक्षात घ्या. बारीक चुरी, सांध्यांची ठकठक मला कळणार नाही.

डिसेंबरात तुम्हाला तिथं ऊस भेटणार. गाळप सुरू झालं की एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, मागं लाल दिवा असेलच असं नाही. ट्रॉलीतून पडलेली कांडी चाकाखाली आली की बेअरिंगसारखी फिरते. परळी जवळ आली की तिथल्या औष्णिक वीज केंद्राच्या राखेच्या गाड्या लागतील. राख ओली असली तर निसरडी, वाळली असली तर डोळ्यात. चष्मा न्या.

आणि ताजी खबर हवी असेल तर पंक्चरवाल्याला विचारा. आमच्या फाट्यावरचा दोस्त सांगतो, "आज सगळे पूर्वेकडूनच यायलेत, तिकडं काहीतरी सांडलंय." एसटीच्या ड्रायव्हरला खड्डे पाठ असतात, पण काटा, खिळा, काच त्याच्या लेखी नसते. कडेला थांबायचं तर सायकल उचलून उतरवा, ढकलू नका. साइडपट्टीला सराटे असतात आणि बाभळीचा काटा ४० मिमीच्या टायरलाही ऐकत नाही.

---

पायडलमामा (१६ नोव्हेंबर)

मागतोय तर द्यावंही, म्हणून आज माझ्या अंगणातला तुकडा करून आलो. परळी ते अंबाजोगाई, १६ नोव्हेंबर, सकाळी ६.४० ते ९, ४० मिमीचा टायर, कडेपासून चार फूट आत (काळीमाती काकांचं ऐकून). बालाघाटाच्या चढणीवर वळणांच्या आतल्या बाजूला बारीक खडी गोळा झालीय. चढताना कळतही नाही, उतरताना ब्रेक दाबला तर चाक सरकेल. आम्ही चढणार आहोत म्हणून ठीक, उलट दिशेनं येणाऱ्यांनी सांभाळा. दोन ठिकाणी कडेच्या लांब भेगा दिसल्या, एकीत पेन उभा राहिला. बाकी डांबर बरं. पंक्चर नाही.

जालना ते मंठा अजून कोणीच लिहिलेलं नाही. वाटूर फाट्याकडचं कोणी आहे का इथं?

भाचीच्या सायकलला ३२ बसत नाहीत, ब्रेकला घासतात. २८ वर तडजोड झाली.

---

तिफण (१७ नोव्हेंबर)

आज सकाळी ७.२०, मोटारसायकल, तेच ७-८ किलोमीटर. मका उचलला. दगड तसेच होते. येताना पोरांना घेऊन जेवढे दिसले तेवढे कडेला सारले. ओढ्याच्या पुलाजवळचे चार मोठे आम्हाला हालले नाहीत. पुलावर चढायच्या आधी डाव्या हाताला आहेत, लक्षात ठेवा.